मज्जातंतू दुखावल्याने बिघडलेली लघवी: आधी किडनी, मग कोरडे कपडे

मे महिन्यात, ऐन आंब्याच्या काढणीत माझा धाकटा भाऊ कलमावरून खाली आला. पाठीचा दहावा मणका मोडला आणि आतला मज्जारज्जू चेपला गेला. ऑपरेशन झालं, दीड महिन्याने घरी आलो. तेव्हा घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या पायांकडे होतं. लघवीबद्दल आम्हाला एवढंच सांगितलं होतं की कंडोम कॅथेटर (लिंगावर चढवायचं, नळी जोडता येणारं आवरण) लावा आणि युरोबॅग, म्हणजे लघवी गोळा करायची पिशवी, जोडा. आम्ही तसंच केलं. चादर कोरडी राहायची, त्यामुळे हा प्रश्न सुटला असं धरून चाललो. वर्षभराने थंडी वाजून ताप आला, सोनोग्राफी केली आणि दोन्ही किडन्यांना सूज निघाली. वर्षभरात एकदाही सोनोग्राफी करा असं आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून हा लेख लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षं भावाची काळजी घेताना डॉक्टरांकडून, सिस्टरांकडून आणि चाकाच्या खुर्चीवरच्या अनुभवी माणसांकडून जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. औषधाचं नाव वाचून दुकानात जाऊ नका. मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं, ते इथून लिहून घ्या.

नेमकं बिघडतं काय

एक घोटाळा आधीच मिटवते. आपल्याकडे मूत्राशयालाही ‘पिशवी’ म्हणतात आणि पायाला बांधतात त्या युरोबॅगलाही. दवाखान्यात ‘पिशवी भरली’ म्हटलं की कुठली, हे दर वेळी विचारावं लागतं. या लेखात आतल्या पिशवीला मूत्राशय म्हणेन.

मूत्राशयाची कामं दोन: लघवी साठवणं आणि वेळ आली की पूर्ण रिकामं होणं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. साठवताना त्याचा स्नायू सैल असतो आणि तोंडाशी असलेली झडप घट्ट बंद असते. लघवी करताना उलट होतं, स्नायू आकसतो आणि झडप उघडते. या दोघांचा मेळ मेंदू घालतो आणि निरोप मज्जारज्जूतून खाली जातो. अगदी खालच्या, माकडहाडाच्या वरच्या भागातल्या नसा तो मूत्राशयापर्यंत पोचवतात.

निरोप कुठे तुटला, यावर बिघाड कोणता ते ठरतं.

भावासारखी इजा वरच्या भागात असेल तर पहिले काही आठवडे मूत्राशय पूर्ण लुळं पडतं. नंतर ते जागं होतं, पण मेंदूचं ऐकत नाही. थोडी लघवी साठली तरी आकसतं आणि त्याच क्षणी झडपही आवळून बसते. आत दाब वाढत जातो, थोडी लघवी बाहेर गळते, बाकीची आतच राहते. हा दाब सतत जास्त राहिला तर लघवी उलटी किडनीकडे चढते किंवा किडनीतून खाली उतरायला वाट मिळत नाही. यात काहीच दुखत नाही, कारण दुखण्याचा निरोपही वर पोचत नाही. भावाच्या किडन्या सुजल्या त्या अशाच.

इजा अगदी खालच्या नसांना असेल, किंवा वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने नसा बोथट झाल्या असतील, तर मूत्राशय सैल पडतं. ते भरतच जातं, भरल्याची जाणीव होत नाही आणि शेवटी काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखं वरून सांडत राहतं. घरच्यांना वाटतं लघवी भरपूर होते आहे. खरं तर आत अर्धा-पाऊण लिटर तुंबलेली असते.

अर्धांगवायू आणि पार्किन्सनमध्ये बहुधा तिसरा प्रकार दिसतो. घाई एवढी होते की न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही, पण झडपेचा मेळ सहसा शाबूत असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात आणि पाठीचा मणका जन्मतः उघडा राहिलेल्या मुलांमध्ये यातलं काहीही असू शकतं.

एक गोष्ट मात्र तातडीची. कंबरदुखी असलेल्या माणसाची लघवी अचानक अडकली, किंवा सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर झाला, तर सकाळची वाट पाहू नका. सरकलेली चकती खालच्या नसांचा जुडगा दाबत असू शकते. त्याच रात्री एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा.

पहिलं काम: तीन दिवसांची वही

औषधाच्या आधी वही. मापाचा प्लॅस्टिकचा जग घ्या. तीन दिवस-रात्र चार गोष्टी लिहा: किती वाजता, किती प्यायलं, किती लघवी निघाली, मध्ये गळती झाली का. भावाच्या वहीतलं एक पान माझ्यासमोर आहे. सकाळी ६ ला ६२० मिली, १० ला २८०, दुपारी २ ला ३१०, ४ ला ‘पँट ओली’, ६ ला १५०, रात्री १० ला ३५०. डॉक्टरांनी हे पान अर्ध्या मिनिटात वाचलं. रात्रीचं अंतर फार लांब पडतं, सकाळचे ६२० धोक्याचे आहेत आणि चारच्या आधी दोन ग्लास ताक एकदम पोटात गेलं होतं, हे सगळं त्या पानावर होतं.

दुसरं काम: तपासण्या

किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करा, त्यात लघवी करून झाल्यावर आत किती उरते तेही मोजायला सांगा. किडनी कितपत काम करते हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. इथे एक बारकावा आहे. ज्याच्या पायांचे स्नायू वाळले आहेत त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, त्यामुळे ‘नॉर्मल’ आकड्यावर विसंबता येत नाही. मागच्या रिपोर्टशी तुलना करा, शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच, पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे यूरोडायनॅमिक. मूत्राशयात बारीक नळी घालून हळूहळू पाणी भरतात आणि दाब मोजतात. मणक्याच्या इजेनंतर साधारण तीन महिन्यांनी, मूत्राशय जागं झाल्यावर ती करतात. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय हे याशिवाय कळत नाही. साठवतानाचा दाब ४० सेंटीमीटर पाण्याच्या वर जात असेल तर किडनीला धोका धरतात. तो आकडा रिपोर्टमध्ये शोधा आणि डॉक्टरांना त्याबद्दल थेट विचारा. आम्ही हे वर्षभर उशिरा केलं.

तिसरं काम: ठरलेल्या वेळी नळीने रिकामं करणं

याला सगळेजण सीआयसी (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन) म्हणतात. दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. आत काही ठेवायचं नाही. माझ्या मते या सगळ्या उपचारांत माणसाचं आयुष्य याच्याइतकं दुसऱ्या कशाने बदलत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणक्याची इजा झालेली माणसं मोठ्या प्रमाणावर किडनी निकामी होऊन आणि जंतुसंसर्गाने जायची. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेविल इथे डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग उघडला. तिथे नळी ठरावीक वेळाने घालायची पद्धत रुळली, पण ती संपूर्ण निर्जंतुक, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हातूनच होणारी. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉ. जॅक लापिडिस यांनी दाखवून दिलं की निर्जंतुक हातमोज्यांची गरज नाही, साबणाने धुतलेले हात पुरतात. मूत्राशय ताणून भरलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना वाव मिळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ताणू न देणं जास्त महत्त्वाचं. त्यानंतर ही गोष्ट रुग्णाच्या स्वतःच्या हातात आली.

पहिल्यांदा शिकताना सिस्टर किंवा डॉक्टर समोर हवेतच. नंतर घरी हा क्रम:

१. साहित्य हाताशी मांडा: नेलेटॉन (साधी, सरळ) नळी, जेली, जग, ओला स्वच्छ कपडा. मोठ्या माणसाला सहसा १२ किंवा १४ नंबरची नळी लागते. टोकाचा रंग पाहून ओळखता येते, १२ पांढरी, १४ हिरवी.

२. साबणाने हात धुवा, नखांच्या कडांसह. पाणी नसेल तर सॅनिटायझर.

३. पुरुषांनी कातडी मागे घेऊन पुढचा भाग पुसून घ्यायचा. स्त्रियांनी पुढून मागे पुसायचं, मागून पुढे कधीच नाही.

४. नळीला भरपूर जेली लावा. पुरुषांमध्ये वाट साधारण २० सेंटीमीटर लांब आणि वळणाची आहे, म्हणून लिंग पोटाच्या दिशेने वर धरून वळण सरळ करायचं. स्त्रियांमध्ये वाट जेमतेम ४ सेंटीमीटर. सुरुवातीला आरसा लागतो, नंतर बोटाने जागा कळते. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, खूण म्हणून. त्याच्या वर दुसरी स्वच्छ नळी घाला.

५. झडपेशी नळी अडते. इथे जोर लावायचा नाही. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर भावाला म्हणाल्या होत्या, “दार वाजवायचं आणि थांबायचं. लाथ नाही मारायची.” लांब श्वास घ्या, हलका दाब धरून ठेवा. अर्ध्या मिनिटात झडप सैल होते आणि नळी आत सरकते. तो क्षण बोटांना कळतो.

६. लघवी यायला लागली की नळी आणखी दोन-तीन सेंटीमीटर आत. धार थांबली की सावकाश बाहेर ओढा. मध्ये पुन्हा धार आली तर तिथेच थांबा. ही शेवटची लघवी आत राहिली की जंतू तिच्यातच वाढतात.

७. कातडी पुन्हा पुढे आणा. हे विसरलं तर कातडी मागे अडकून सूज येते आणि धावपळ करावी लागते.

८. किती निघाली ते लिहा. एका वेळी ४०० मिलीच्या आसपास ठीक. वरचेवर ५०० च्या पुढे जात असेल तर अंतर कमी करा.

नळी एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते आणि परवडत असेल तर तसंच करावं. आपल्याकडे अनेक घरांत ती धुऊन पुन्हा वापरतात. तसं करायचं असेल तर किती दिवस आणि कशी, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वापरल्याबरोबर आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, झटकून पूर्ण वाळवा, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. ओल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवू नका. जन्मतः मणका उघडा असलेल्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी बऱ्याचदा असते, त्यांच्यासाठी लॅटेक्स नसलेलीच नळी घ्या.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, थोडंथोडं. रात्री झोपण्याआधी दोन-तीन तास कमी करा. दिवसभर खुर्चीत बसून पाय सुजत असतील तर संध्याकाळी तासभर पाय उंच ठेवून पडा. नाहीतर ते पायातलं पाणी रात्री लघवी होऊन उतरतं. भावाचे सकाळचे ६२० असेच ४०० वर आले, गोळी न वाढवता.

पोट दाबून किंवा कुंथून लघवी काढायची सवय अनेकांना असते. आत दाब किती चढतो हे तपासलेलं नसेल तर ते करू नका.

चौथं काम: आकसणाऱ्या मूत्राशयाला शांत करणं

सीआयसी सुरू असूनही मध्ये गळत असेल किंवा दाब जास्त असेल तर औषधं लागतात. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही एका गटातली. त्यांनी मूत्राशयाचा स्नायू सैलावतो. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांपुढे अंधूक दिसतं आणि बद्धकोष्ठ होतो. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नका. भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून रेटतं आणि गळती वाढते, म्हणजे गोळीचा फायदा गोळीच खाते. या औषधांनी घामही कमी येतो. मणक्याच्या इजेने आधीच घाम नीट येत नाही, त्यात कोकणातला एप्रिल-मे. दुपारी उन्हात नेऊ नका, अंगाला ओला पंचा ठेवा. म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा किंवा गोंधळ वाढला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

मिराबेग्रॉन हे वेगळ्या गटातलं. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ होणं त्यात कमी, पण रक्तदाब तपासत राहावं लागतं. झडप सैल व्हावी म्हणून टॅमसुलोसिन देतात. त्याने उठून बसताना चक्कर येऊ शकते.

सैल पडलेल्या मूत्राशयाला पुन्हा जोमाने आकसायला लावेल असं भरवशाचं औषध आजही नाही. तिथे घड्याळ लावून लघवीला जाणं, एकदा झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा करणं, मधुमेह आटोक्यात ठेवणं आणि तरीही आत उरत असेल तर सीआयसी, हाच मार्ग.

गोळ्यांनी भागलं नाही तर बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत साधारण ३० ठिकाणी मिळून २०० युनिट टोचतात. परिणाम सहा ते नऊ महिने टिकतो, मग पुन्हा. खर्चिक आहे. त्यानंतर मूत्राशय स्वतःहून रिकामं होण्याची शक्यता कमी होते, म्हणून सीआयसी करायची तयारी आधी हवी. भावाला हे घ्यावं लागलं. त्यानंतरच्या यूरोडायनॅमिकमध्ये दाब खाली आलेला दिसला, त्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर बसून रडली.

घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका विजेचा झटका देण्याचा उपचारही आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, बारा आठवडे. घाईचा त्रास असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. मणक्याची पूर्ण इजा असेल तर फार आशा ठेवू नका.

पाचवं काम: कायमची नळी आणि ऑपरेशन

हात चालत नसतील आणि करणारं कुणी नसेल, तर कायमची नळी ठेवावी लागते. तशी वेळ आली तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालण्याबद्दल विचारा. मूत्रमार्ग चिरत नाही, बदलायला सोपी, लैंगिक आयुष्यालाही अडथळा कमी. कायमची नळी कुठलीही असो, ती मांडीला किंवा पोटाला चिकटपट्टीने बांधलेली हवी आणि युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली. रिक्षात बसवताना बॅग मांडीवर ठेवली की लघवी उलटी जाते. नळी किती आठवड्यांनी बदलायची, ते तिच्या प्रकारावर ठरतं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्षानुवर्षं ठेवलेल्या नळीने खडे होतात, म्हणून तपासण्या चुकवू नका.

कंडोम कॅथेटर वाईट नाही. दाब कमी असल्याचं तपासून मगच लावावा, एवढंच.

सगळं करूनही दाब उतरत नसेल तर लहान आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करतात. खुर्चीवर बसून खालून नळी घालणं ज्यांना जमत नाही, विशेषतः मुली आणि बायका, त्यांच्यासाठी अपेंडिक्सची वाट करून बेंबीजवळ तोंड काढता येतं. याला मित्रोफानॉफ म्हणतात. ही मोठी ऑपरेशनं आहेत. नंतर आतड्याचा चिकट स्राव धुऊन काढावा लागतो, खड्यांवर लक्ष ठेवावं लागतं, बी-१२ तपासावं लागतं. ज्यांनी करून घेतलं आहे अशा एखाद्या रुग्णाशी बोलल्याशिवाय सही करू नका. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणच्या ओपीडीत बाकावर बसलेली माणसंच खूप काही शिकवतात.

ताप, वास आणि अँटिबायोटिक

नळी वापरणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू बहुतेक वेळा सापडतात. त्रास काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नका. पुढे खरंच लागेल तेव्हा ते चालत नाही. ताप, थंडी, पाय नेहमीपेक्षा जास्त उडणं, अचानक वाढलेली गळती, रक्त, अंगात कणकण, यातलं काही असेल तर आधी कल्चरला (कुठले जंतू आहेत ते पाहणाऱ्या तपासणीला) लघवी द्या, मग औषध.

ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर आहे, त्यांच्या घरच्यांनी हे पाठ करावं. अचानक ठणकणारं डोकं, लाल चेहरा, वरच्या अंगाला घाम आणि रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर, म्हणजे खालून काहीतरी डिवचतंय. बहुधा तुंबलेलं मूत्राशय. लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करा. नळी असेल तर ती मुरगळली आहे का पाहा, नसेल तर नळी घालून रिकामं करा. मग शौच अडकली आहे का, कुठे जखम आहे का ते पाहा. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजा. उतरत नसेल तर सरळ रुग्णालय, तिथे गेल्या गेल्या इजा कुठल्या मणक्याची आहे ते सांगा.

दर वर्षी

सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन वर्षातून निदान एकदा. दाब जास्त असलेल्यांची सोनोग्राफी सहा महिन्यांनी. यूरोडायनॅमिक डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि गळतीत किंवा तापात काही नवं दिसलं की लगेच. सोनोग्राफीला जाताना नळी, जेली आणि जग घेऊन जा. ‘पाणी पिऊन या’ म्हणून बसवून ठेवतात आणि नंबर लागेपर्यंत सातशे-आठशे मिली भरतं. रिसेप्शनवर आधीच सांगा की या माणसाला भरल्याचं कळत नाही. फोटो भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही मूत्राशयांचे काढून घ्या. भरलेल्या मूत्राशयामुळे कधीकधी किडनी फुगलेली दिसते, आणि रिकामं केल्यावरही ती तशीच दिसली तर त्याच आठवड्यात यूरॉलॉजिस्ट गाठा.